रंध्याची पाठचिकित्सा

जुनी सुतारी हत्यारे जमवणाऱ्या मंडळींत एका प्रश्नावरून कायमचे दोन तट पडलेले असतात. गंज कुठवर काढायचा? एक पक्ष म्हणतो, हत्यार कारखान्यातून निघाले तेव्हा जसे होते तसे ते पुन्हा झाले पाहिजे. लोखंड चकाकले पाहिजे, मूठ नव्याने पॉलिश झाली पाहिजे. दुसरा पक्ष म्हणतो, हात लावू नका. शंभर वर्षांनी धातूवर जो तपकिरी-काळा थर चढला आहे तोच त्या वस्तूचा इतिहास आहे. वरवर पाहता हा वाद छंदिष्टांचा आहे आणि मराठीच्या अध्यापकाने त्यात तोंड घालण्याचे काही कारण नाही. परंतु गेली सात-आठ वर्षे या छंदाच्या नादी लागल्यावर मला असे वाटू लागले आहे, की हा वाद आपल्या घरचाच आहे. आपण त्याला पाठचिकित्सा म्हणतो, एवढाच फरक.

नाद लागला तो पुण्याच्या जुन्या बाजारात. एका रविवारी जुनी पुस्तके शोधायला गेलो असताना नटबोल्टांच्या ढिगाखाली एक लोखंडी रंधा दिसला. तोंडाशी गंजाची खपली, मागची मूठ अर्धी तुटलेली. पण पाते ज्या उतारावर टेकते त्याच्या मागे, ओतकामातच उमटलेल्या तीन तारखा होत्या. घरी आणून ब्रशने साफ केल्यावर त्या वाचता आल्या : २५ मार्च १९०२, १९ ऑगस्ट १९०२, १९ एप्रिल १९१०. या तीन तारखा एकत्र दिसल्या की जाणकार सांगतात, हा रंधा अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यातल्या न्यू ब्रिटन गावी स्टॅन्ली कंपनीने साधारण १९१० ते १९१८ या काळात बनवला. हस्तलिखिताच्या शेवटी लेखनकाल सापडावा तसा मला आनंद झाला. गंमत अशी, की त्या तारखा रंध्याच्या जन्माच्या नव्हेत, पेटंटांच्या आहेत. पोथीतल्या रचनाकालाला लेखनकाल समजण्याची चूक येथेही नवशिके करतात, मीही केली.

या रंध्याचा वंश पाहण्यासारखा आहे. लिओनार्ड बेली नावाच्या कारागिराने लाकडी रंध्याऐवजी लोखंडी देह आणि पाते वरखाली करण्यासाठी फिरकी अशी रचना सिद्ध केली आणि १८६९ मध्ये स्टॅन्लीने त्याची पेटंटे घेतली. लाकडी रंध्यात पाते पाचरीने घट्ट बसवलेले असते. ते केसभर पुढे घ्यायचे तर हातोडीची हलकी चापट मारावी लागते आणि ती चापट किती हलकी हे शिकण्यात उमेदवारीची वर्षे जातात. बेलीच्या रचनेत ते काम पितळी फिरकी करते. पुढे १८८५ च्या सुमारास पाते डावी-उजवीकडे कलते करण्याची कळ आली. १९२० च्या आगेमागे पुढची बुटकी मूठ उंच झाली. त्याच सुमारास पात्यावर हृदयाच्या आकारात एस आणि डब्ल्यू ही अक्षरे उमटू लागली. कंपनीचे दीर्घकाळचे अध्यक्ष विल्यम हार्ट यांच्या आडनावावरचा तो श्लेष. १९३३ मध्ये पाते दाबून धरणाऱ्या झाकणातले गोलसर छिद्र बदलून मूत्रपिंडाच्या आकाराचे झाले. दुसऱ्या महायुद्धात पितळ मिळेना, म्हणून फिरकी कठीण रबराची आली आणि मुठीचे शिसवी लाकूड जाऊन रंग दिलेले साधे लाकूड आले. एका रंध्याच्या मुठीत महायुद्धाची टंचाई हाताला लागते, हे मला कोणत्याही संग्रहालयातल्या तोफेपेक्षा अधिक बोलके वाटते.

अशा बारीक खुणांवरून अभ्यासकांनी या रंध्यांचे वीसेक ‘प्रकार’ लावले आहेत. संग्राहक त्या प्रकारांचे क्रमांक मंत्रासारखे म्हणतात. आणि येथेच पहिली गडबड आहे. कारखान्याला हे प्रकार माहीत नव्हते. जुने सुटे भाग संपेपर्यंत वापरले जात, नवे त्यांच्याबरोबर मिसळत. म्हणून बुटकी मूठ आणि नंतरच्या काळचे पाते असा रंधा कारखान्यातूनच तसा निघालेला असू शकतो. शुद्ध ‘प्रकार’ शोधणारा संग्राहक मात्र तो भेसळीचा ठरवतो, पाते बदलतो आणि वर्गीकरणाला शोभेलसा रंधा तयार करतो. वर्गीकरण वस्तूवरून आले आणि आता वस्तू वर्गीकरणावरून बनते आहे! ‘साठोत्तरी’, ‘नव्वदोत्तरी’ असे कप्पे करून त्यांत न बसणारा कवी परीक्षेच्या अभ्यासक्रमातून गाळणाऱ्या आपल्यासारख्यांनी यावर हसण्यात अर्थ नाही.

खरी अडचण याहून खोल आहे. हा सगळा ज्ञानव्यवहार नावांवर उभा आहे. शेफील्डच्या पात्यावर पेढीचे नाव असते. डिस्टनच्या करवतीच्या मुठीवर पितळी बिल्ला असतो आणि त्यावर ‘अँड सन’ आहे की ‘अँड सन्स’ यावरून ती १८७१ पूर्वीची की नंतरची हे ठरते. इंग्लंडच्या लाकडी रंध्यांच्या पुढच्या तोंडावर बनवणाऱ्याचा ठसा असतो, डब्ल्यू. एल. गुडमन यांनी १९६८ मध्ये अशा इंग्लिश रंधेकारांची सूचीच प्रसिद्ध केली. त्या ठशाच्या शेजारी वापरणाऱ्याचेही नाव ठोकलेले असते, कधी एकाखाली एक तीन-चार नावे. हत्यार हातोहात गेले, प्रत्येकाने आपले नाव ठोकले, आधीच्याचे खोडले नाही. मला ही नावे फार आवडतात. पण नाव ठोकण्याचा अधिकार कोणाला असतो?

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्समधल्या रेंथम गावी अठराव्या शतकात फ्रान्सिस निकल्सन हा रंधेकार होऊन गेला. अमेरिकेतला, ज्याचे नाव ज्ञात आहे असा तो सर्वांत जुना रंधेकार समजला जातो. त्याच्याकडे सीझर चेलर नावाचा आफ्रिकी वंशाचा गुलाम होता. निकल्सन १७५३ मध्ये वारला आणि मृत्युपत्राने त्याने चेलरला मुक्त केले, हत्यारे दिली, थोडी जमीन दिली. त्यानंतर १७८४ मध्ये मरेपर्यंत चेलरने स्वतःच्या नावाने रंधे बनवले. त्यांवर ठसा आहे : सी. चेलर, राहणार रेंथम. आज हे रंधे संग्राहक मोठ्या किमतीला घेतात. १७५३ पूर्वी त्याच्या हातून जे रंधे उतरले असतील त्यांवर कोणाचे नाव आहे हे वेगळे सांगायला नको. हात तोच, लाकूड तेच, पाचर बसवण्याची सवयही तीच. मधे फक्त एका कागदावरची सही. ‘राहणार रेंथम’ हे शब्द मला कोणत्याही जाहिरातीसारखे वाटत नाहीत. एका माणसाने आपण असल्याची नोंद लाकडात ठोकून ठेवली आहे.

आता आपल्याकडे या. माझे आजोबा सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात सुतार होते. बलुत्याच्या थोरल्या कासेतले. गावचे नांगर, कुळव, पाभरी आणि बैलगाड्या त्यांच्या हातच्या. त्यांच्या पेटीत वाकस, पटाश्या, किकरे, सामता, गुण्या, दोन करवती आणि तीन रंधे होते. रंध्याचे लाकूड त्यांनीच घडवलेले, बहुतेक बाभळीचे. पाते एका रंध्याचे शेफील्डचे, दोहोंची गावच्या लोहाराने केलेली. त्यांतला मोठा रंधा दोन माणसांचा : पुढे आडवी दांडी, एकाने ढकलायचे, समोरच्याने ओढायचे. या पेटीतल्या एकाही वस्तूवर कोणाचे नाव नाही. एका जाणत्या संग्राहकाला मी ती दाखवली तेव्हा त्यांनी शेफील्डचे पाते भिंगाखाली धरले, त्यावरची पेढी सांगितली, काळ सांगितला आणि बाकीच्या ढिगाकडे पाहून म्हणाले, “हे लोकल आहे.” गृहस्थ सज्जन होते, त्यांना यात काही वावगे बोललो असे वाटले नाही. मलाही त्या क्षणी वाटले नाही, हे अधिक वाईट.

कारण त्याच्या दोनच आठवडे आधी मी एक उद्योग केला होता. छंदाच्या पहिल्या उत्साहात मी लोखंडाचा गंज काढायला शिकलो होतो. बादलीत धुण्याचा सोडा घातलेले पाणी, त्यात हत्यार आणि एक टाकाऊ लोखंडी पट्टी, बॅटरी चार्जरचे ऋण टोक हत्याराला, धन टोक पट्टीला. रात्रभर बुडबुडे येत राहतात आणि सकाळी तांबडा गंज काळ्या चिखलासारखा पुसून निघतो. खालचे पोलाद शाबूत राहते. (व्हिनेगरमध्ये हत्यार विसरले तर मात्र गंजाबरोबर पोलादही खाल्ले जाते.) लोखंडाबाबत इतकी काळजी घेणाऱ्या मी लाकडाबाबत मात्र कसलाही विचार केला नाही. आजोबांचा मधला रंधा काजळी, तेल आणि घामाने काळा झाला होता. मी चारही बाजूंना पॉलिशकागद मारला. आधी जाडा, मग बारीक. खालून बाभळीचा तांबूस रंग निघाला, त्यावर जवसाचे तेल दिले. रंधा देखणा दिसू लागला. त्याचे छायाचित्र काढून मी चार ठिकाणी पाठवले.

दिवाळीला गावाकडे आत्या आल्या होत्या. त्यांचे वय ऐंशीच्या पुढे. मी मोठ्या कौतुकाने तो रंधा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उलटा केला, डाव्या कडेवरून बोट फिरवले, पुन्हा फिरवले. “हितं खाचा हुत्या रं,” त्या म्हणाल्या. “गाडी पुरी झाली की दादा एक खाच पाडायचं. आमी मोजायचो.”

कडेला बारीक रेघा होत्या हे मला आठवते. मी त्या ओरखडे समजलो. किती होत्या ते मी मोजले नव्हते. आधीचे छायाचित्र काढलेले नव्हते. कोण काढतो काळ्या रंध्याचे छायाचित्र? एका माणसाच्या आयुष्यात किती गाड्या झाल्या याचा एकमेव लेखी पुरावा मी शंभर रुपयांच्या पॉलिशकागदाने नाहीसा केला, आणि तोही जपणुकीच्या नावाखाली. मी एम.ए.ला हस्तलिखितशास्त्राचा पेपर घेतला होता. वर्गात प्रक्षेप, पाठभेद, लेखनिकाची चूक हे सारे मी शिकवतो.

म्हणून म्हणतो, हा वाद आपल्या घरचा आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. त्या कामाचे मोल वादातीत आहे. पण कोणते पाठ त्यांना अशुद्ध वाटले आणि त्यांनी काय बाजूला ठेवले, याचा हिशेब आपल्यापर्यंत आलेला नाही. भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तिची रीत निराळी. सुकथनकरांनी आखून दिलेल्या शिस्तीत संपादकाने स्वीकारलेला पाठ वर, सोडलेले सारे पाठ तळटीपांत, आणि जो पाठ स्वीकारला पण ज्याची खात्री नाही त्याखाली नागमोडी रेघ. ती नागमोडी रेघ ही मला विसाव्या शतकातल्या भारतीय पांडित्याची एक फार मोठी कमाई वाटते. मी येथे निर्णय केला आहे, पण तो चुकीचा असू शकतो, हे छापील पानावर कबूल करण्याची ती खूण आहे. हत्याराच्या दुरुस्तीला अशी नागमोडी रेघ हवी. नवी मूठ बसवा, पण ती जुनी भासेल असा रंग देऊ नका. पात्याला धार लावा, कारण धार हा हत्याराचा अर्थ आहे आणि बोथट पटाशीचे भक्तिभावाने जतन करण्यात मला काही स्वारस्य नाही. मात्र धार पात्याच्या टोकाला लागते. रंध्याच्या कडेला पॉलिशकागद मारून कसलीच धार येत नाही.

चकाकी-पक्षाशी माझे मतभेद येथवर स्पष्ट झाले असतील. पण ‘हात लावू नका’ म्हणणाऱ्यांशीही माझे पटत नाही. आजकाल उपाहारगृहांच्या भिंतींवर, बंगल्यांच्या दिवाणखान्यांत जुने रंधे आणि करवती टांगलेल्या दिसतात. गंज तसाच, काजळी तशीच, खालून पिवळा दिवा. तेथे गंज म्हणजे नुसता रंग आहे. त्या भिंतीवरून एक भाबडी गोष्ट सांगितली जाते : पूर्वी गाव होते, कारागीर होते, सारे एकमेकांना धरून होते.

ही गोष्ट साहित्याच्या विद्यार्थ्याला ओळखीची वाटली पाहिजे. जॉर्ज स्टर्ट हा इंग्लंडमधल्या फार्नमचा शाळामास्तर. १८८४ मध्ये वडील वारले आणि रस्किन वाचून भारलेला हा तरुण घरचा गाड्या-चाके बनवण्याचा कारखाना चालवू लागला. १९२३ मध्ये त्याने ‘द व्हीलराइट्स शॉप’ हे पुस्तक लिहिले. लाकूड कसे निवडावे, किती वर्षे मुरवावे, चाकाला बाहेरच्या अंगाने बशीसारखा खोलगटपणा का द्यावा, हे त्याने असे लिहिले आहे की हातातले ज्ञान शब्दांत उतरू शकते यावर विश्वास बसावा. पण स्टर्ट मालक होता. वाकस त्याच्या कामगारांच्या हातात होती, आणि आपल्याला त्यांच्याइतके येत नाही हे तो लपवत नाही. दहा वर्षांनी, १९३३ मध्ये, लीव्हिस आणि डेनिस टॉमसन यांनी त्याच पुस्तकाच्या आधारावर हरवलेल्या सेंद्रिय समाजाचे चित्र उभे केले, आणि स्टर्टची ती कबुली मागे पडली. रेमंड विल्यम्सने १९७३ मध्ये ‘द कंट्री अँड द सिटी’त दाखवून दिले, की हा सुवर्णकाळ सरकत्या जिन्यासारखा असतो : प्रत्येक लेखक त्याच्या आधीच्या पिढीकडे बोट दाखवतो आणि ती पिढी तिच्या आधीच्या.

आपल्याकडे त्या जिन्याला बलुत्याची पायरी आहे. त्रिंबक नारायण आत्र्यांचा ‘गावगाडा’ १९१५ चा. त्यात बलुत्याचे गोडवे नाहीत; आहेत ती देण्याघेण्याची कटकट, ओढाताण, तुंबलेली कामे. १९७८ मध्ये दया पवारांच्या आत्मकथनाने तो शब्दच पुन्हा आपल्या तोंडावर फेकला. सुतार हा त्या उतरंडीत पुष्कळ वरचा. माझ्या आजोबांचे हाल इतरांच्या मानाने काहीच नव्हेत, हे मला समजते. तरीही खळ्यावर जाऊन वर्षाच्या कामाचे धान्य मागून आणावे लागे आणि वाईट साली शेतकरी ‘पुढच्या सुगीला’ म्हणे. माझ्या वडिलांना त्यांनी वाकस धरू दिली नाही, शाळेत घातले. वडील शिक्षक झाले. पेटी माळ्यावर गेली. यात हळहळण्यासारखे काय आहे ते माझे मलाच नीट ठरवता येत नाही. पेटी माळ्यावर गेली म्हणूनच मी हा लेख लिहू शकतो आहे.

मग जमवायचेच कशाला? याचे एक उत्तर पुण्यातच आहे. दिनकर गंगाधर केळकरांनी, म्हणजे कवी ‘अज्ञातवासीं’नी, अडकित्ते, दिवे, दौती, स्वयंपाकघरातली भांडी अशा रोजच्या वस्तू आयुष्यभर जमवल्या आणि १९७५ मध्ये तो संग्रह शासनाला दिला. एका कवीला अडकित्त्यात कारागिराचा हात दिसला ही गोष्ट आपल्या वाङ्मयेतिहासात एका ओळीची तरी धनी व्हायला हवी होती. केळकरांच्या संग्रहात नावाचा ठसा असणे ही प्रवेशाची अट नव्हती.

आणि दुसरे उत्तर शब्दांचे. मोल्सवर्थच्या कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ ची. तिच्यात रंधा, वाकस, पटाशी आपापल्या जागी बसलेले आहेत. माझ्या वर्गातल्या साठ मुलांपैकी वाकस म्हणजे काय हे दोघांना ठाऊक होते, आणि त्या दोघांचीही आडनावे मी न सांगता ओळखता येतील. शब्द कोशात राहतो आणि वस्तू भिंतीवर. दोघांची गाठ घालून देणारा माणूस तेवढा नसतो. नावाचा ठसा नसलेले हत्यार ओळखायचे असेल तर ते झिजेवरून वाचावे लागते : मूठ कोणत्या अंगाला खोलगट झाली आहे, तळ कुठे घासला आहे, पाते किती वेळा धार लावून आखूड झाले आहे. आजोबांच्या लहान रंध्याचा तळ एका बाजूला अधिक झिजला आहे. ते डावखुरे होते का, असे मी आत्यांना विचारले. नव्हते. एका पायाने लाकूड दाबून, जमिनीवर बसून काम करीत, त्यामुळे जोर तिरका पडे. हे मला कोणत्याही सूचीत सापडले नसते.

पेटीतली वाकस अजून तशीच आहे. दांड्याला उभी भेग आहे, ती आजोबांनीच सुताच्या दोरीने आवळून बांधलेली. पावसाळ्यात पात्यावर तांबूस छटा दिसू लागली तेव्हा मी तेलाचा बोळा फिरवला, त्यापलीकडे काही केले नाही. कडेवर दोन तिरप्या रेघा आहेत. बाजूने उजेड टाकून त्यांचे छायाचित्र काढले आहे. ते ओरखडे आहेत की आणखी काही, हे आत्यांना विचारायचे आहे. हल्ली त्यांना नीट दिसत नाही, म्हणून वाकसच घेऊन जाणार आहे. बोट फिरवून सांगतील.